मौन आणि लेखणी : स्त्रियांच्या दोन दिवसांच्या एकांताविषयीं

अलीकडे शहराबाहेरच्या एखाद्या शांत वास्तूंत दहा-पंधरा स्त्रिया शनिवार-रविवार एकत्र राहतात, मौन पाळतात, ध्यानास बसतात आणि ध्यानांतून उठल्यावर वहींत कांहीं तरी लिहितात. ह्या उपक्रमास कोणी ‘ध्यान-लेखन शिबिर’ म्हणतात, कोणी नुसतें ‘एकांत’ म्हणतात. घरांतील सून, लेक किंवा पन्नाशी ओलांडलेली गृहिणी अशा शिबिरास जाण्याचा विषय काढते, तेव्हां दोन प्रश्न ठरलेले येतात. देवाधर्माकडे ओढा असणारीं माणसें म्हणतात, ‘ध्यानच करावयाचें तर मध्यें ही वही कशाला?’ वाचनाची आवड असणारीं म्हणतात, ‘लिहावयाचेंच आहे तर डोळे मिटून बसण्यांत वेळ कां दवडावा?’ हे दोन्ही प्रश्न वाजवी आहेत. तिसरा एक प्रश्न असतो, तो मात्र सहसा मोठ्यानें विचारला जात नाहीं. तो म्हणजे, ‘दोन दिवस घराचें काय?’ पहिल्या दोहोंस शास्त्रांत आणि अनुभवांत उत्तर मिळतें. तिसऱ्याचें उत्तर घरानेंच द्यावयाचें असतें, आणि आमच्या मतें सारें तेथेंच अडतें. म्हणून ह्या तिन्ही प्रश्नांचा क्रमानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हा प्रकार आला कोठून तें पाहूं. त्याचें आजचें रूप बव्हंशीं अमेरिकेंत घडलें. नॅटली गोल्डबर्ग ही लेखिका मिनियापोलिस शहरीं दाइनिन कातागिरी ह्या जपानी झेन गुरूंकडे ध्यान शिकत होती. लेखन हीच आपली साधना कां करीत नाहींस, असें गुरूंनीं तिला सुचविलें. तिचें ‘रायटिंग डाऊन द बोन्स’ हें पुस्तक १९८६ सालीं निघालें. आणि न्यू मेक्सिको प्रांतांतील ताओस गांवीं, मेबल डॉज लुहान ह्या बाईंनीं बांधलेल्या जुन्या मातीच्या घरांत, तिनें अनेक वर्षें आपले वर्ग चालविले. त्यांचा क्रम तीन शब्दांत सांगतां येतो: बसणें, चालणें, लिहिणें. कांहीं वेळ निश्चल बसावयाचें, कांहीं वेळ सावकाश पावलें मोजीत चालावयाचें, आणि मग नेमलेल्या मिनिटांपर्यंत हात न थांबवितां लिहावयाचें. लिहितांना खोडावयाचें नाहीं, शुद्धलेखनाची चिंता करावयाची नाहीं, आणि मनांत आलेलें बरें कीं वाईट ह्याचा निवाडा करावयाचा नाहीं.

हे वर्ग स्त्रीपुरुष दोघांचेही असत. परंतु ह्या विचाराचें मूळ शोधूं गेल्यास त्याच्याही मागें दोन स्त्रियाच आढळतात, आणि दोघींचींही पुस्तकें १९३४ सालींच प्रसिद्ध झालेलीं आहेत. इंग्लंडांत मॅरियन मिल्नर हिनें १९२६ सालीं एक रोजनिशी ठेवण्यास आरंभ केला. आपणांस खरोखर कशानें आनंद होतो हें लोकांस न विचारतां स्वतःच नोंदून पाहावें, एवढाच तिचा हेतु होता. नोंदी करतां करतां तिच्या ध्यानीं आलें कीं, आपलें अवधान दोन प्रकारचें असतें. एक सुईच्या टोंकासारखें अरुंद, कामापुरतें पाहणारें. दुसरें रुंद, कांहींही न मागतां सर्व पाहणारें. आनंदाचे क्षण बहुधा ह्या दुसऱ्याच्या वांट्यास आलेले होते. हें सर्व तिनें ‘अ लाइफ ऑफ वन्स ओन’ ह्या पुस्तकांत, जोॲना फील्ड ह्या टोपणनांवानें लिहिलें. त्याच सालीं अमेरिकेंत डोरोथिया ब्रँड हिचें ‘बिकमिंग अ रायटर’ निघालें. नेहमींपेक्षां अर्धा-एक तास आधीं उठावें, कोणाशीं बोलूं नये, वर्तमानपत्र उघडूं नये आणि प्रथम लिहावें, असा तिचा उपदेश. आणि पुस्तकाच्या शेवटीं मन निश्चल धरण्याचा अभ्यासही तिनें सांगितला आहे. म्हणजे एकीनें लेखनाकडून ध्यानाकडे जाणारी वाट दाखविली, तर दुसरीनें ध्यानाची जोड लेखनास दिली.

आतां पहिला प्रश्न. पतंजलींच्या योगसूत्रांत चित्ताच्या वृत्तींचा निरोध ही योगाची व्याख्या केलेली आहे, आणि त्या पांच वृत्तींमध्यें विकल्प व स्मृति ह्यांची गणना आहे. वाङ्मयाचें सारें भांडवल तर आठवण आणि कल्पना हेंच. मग एकीकडे वृत्ति आवरावयाच्या आणि दुसरीकडे त्याच कागदावर उतरवावयाच्या, हा विरोध नव्हे काय? शुद्ध साधनेच्या दृष्टीनें तो विरोधच आहे. इगतपुरीचें धम्मगिरि हें विपश्यनेचें केंद्र १९७६ पासून चालू आहे. तेथील दहा दिवसांच्या शिबिरांत वाचन आणि लेखन अजिबात वर्ज्य असतें, आणि त्या मार्गाचा विचार करतां तें योग्यच आहे. ज्या भगिनीस केवळ साधना हवी असेल तिनें तसल्या ठिकाणींच जावें. दोन दिवसांचें ध्यान-लेखन शिबिर ही त्याची लहान आवृत्ति नव्हे. येथें ध्यान हें साध्य नसून साधन आहे. मनाचा गढूळपणा खालीं बसूं द्यावयाचा, आणि पाणी निवळल्यावर तळाशीं काय दिसतें तें लिहावयाचें, एवढाच त्याचा हेतु. ही मर्यादा ओळखून गेल्यास निराशा होत नाहीं.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आमच्या साहित्यशास्त्रानें बाराशें वर्षांपूर्वीं देऊन ठेविलें आहे. आठव्या शतकांतील काश्मीरचा वामन आपल्या काव्यालंकारसूत्रांत काव्याच्या साधनांमध्यें ‘अवधान’ मोजतो. अवधान म्हणजे चित्ताची एकाग्रता. ती देश आणि काल ह्यांपासून मिळते, असें सांगून तो दोहोंची नांवेंही देतो: देश तो विविक्त, म्हणजे निर्जन, आणि काल तो रात्रीचा चौथा प्रहर. पुढें सुमारें दीडशें वर्षांनीं राजशेखर काव्यमीमांसेंत समाधि आणि अभ्यास ह्या दोहोंचा विचार करतो. समाधि हा आंतला प्रयत्न, अभ्यास हा बाहेरचा; दोन्ही मिळून कवीच्या शक्तीस प्रकट करतात, असा त्याचा निर्णय आहे. तेव्हां डोळे मिटून बसणें आणि वहींत लिहिणें हीं एकाच कामाचीं दोन अंगें आहेत, हें कांहीं अमेरिकेनें आम्हांस शिकवावें असें नाहीं.

ह्याच राजशेखराचें आणखी एक मत आमच्या वाचकांनीं मुद्दाम ध्यानांत धरावें. पुरुषांप्रमाणें स्त्रियाही कवि होऊं शकतात, कारण संस्कार हा आत्म्याच्या ठिकाणीं असतो आणि तो स्त्री-पुरुष हा भेद पाहत नाहीं, असें तो स्वच्छ म्हणतो. त्याची पत्नी अवंतिसुंदरी हिचीं साहित्यविषयक मतें त्यानें आपल्या ग्रंथांत आदरानें नोंदिलेलीं आहेत. आमच्याकडे सतराव्या शतकांत संत बहिणाबाईंनीं, पतीचा तीव्र विरोध सोसून, तुकोबांस गुरु मानिलें आणि आपलें आत्मचरित्र अभंगांत सांगितलें. आंत वळणें आणि आपलें जिणें शब्दांत मांडणें ह्या दोन्ही गोष्टी एकाच स्त्रीनें, एकाच घरांत राहून, केल्याचा हा पुरावा आहे. मात्र तिला त्याची किंमत काय द्यावी लागली, तेंही विसरतां येत नाहीं.

वामनाचा चौथा प्रहर वाचतांना आम्हांस नेहमीं जात्याची आठवण होते. महाराष्ट्रांतील बायकांच्या वांट्यास तो प्रहर पिढ्यान्‌पिढ्या आला तो दळणासाठीं. काम कष्टाचें होतें, त्याचें गोडवे गाण्याचें कारण नाहीं. परंतु हात एका लयींत गुंतलेला, घर निजलेलें, समोर बसली तर एखादी जाऊ किंवा नणंद. अशा स्थितींत मन आपोआप आंत वळे आणि ओवी बाहेर येई. गी प्वातव्हां आणि हेमा राईरकर ह्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या रचणाऱ्यांपैकीं बहुतेकींस अक्षरओळखही नव्हती. पुढें पिठाची गिरणी आली. तिनें बायकांचे खांदे वांचविले, हें उत्तमच झालें. पण दळणाबरोबर तो प्रहरही गेला. वांचलेला वेळ स्त्रीच्या हातीं राहिला नाहीं. डबे, शिकवण्या, नोकरीची गाडी ह्यांनीं तो भरून टाकिला. दोन दिवसांचें शिबिर हें आमच्या दृष्टीनें त्या गेलेल्या प्रहराची, कष्ट वगळून केलेली, परतफेड आहे.

येथें तिसऱ्या प्रश्नाकडे येणें प्राप्त आहे. २०१९ सालीं भारत सरकारनें लोकांचा दिवस कसा जातो ह्याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रीचीं दिवसाला सरासरी २९९ मिनिटें बिनमोलाच्या घरकामांत जातात, आणि त्यांत भाग घेणाऱ्या पुरुषांचीं ९७, असें त्यांत आढळलें. त्यांतही शंभरांतील सुमारें ८१ स्त्रिया तें काम करीत होत्या आणि पुरुष सुमारें २६. पांच तास हा आंकडा मोठा आहेच. पण अधिक विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, ते पांच तास सलग नसतात. ते दिवसभर पसरलेले असतात, म्हणून उरलेला वेळही तुकड्या-तुकड्यांचाच उरतो. तुकड्यांच्या वेळांत भाजी निवडतां येते. ध्यान करतां येत नाहीं आणि लिहितांही येत नाहीं.

आमच्या घरचीच एक गोष्ट सांगतों. थोरल्या सूनबाईंनीं अशा शिबिराचा विषय काढिला, तेव्हां आमच्या कुटुंबानें विचारलें, ‘घरांत देवघर आहे. ध्यान तेथें होत नाहीं का ग?’ सूनबाई म्हणाल्या, ‘होतें ना, आई. पण देवघरांत बसलें कीं कान कुकरच्या शिट्या मोजतात.’ आमचें कुटुंब क्षणभर थांबलें आणि म्हणालें, ‘मी चाळीस वर्षें मोजल्या. तूं जा.’ त्या दोन दिवसांत चिरंजीवांनीं मुगाची खिचडी केली, धाकट्यानें भांडीं घासलीं, आणि घर होतें तेथेंच राहिलें.

सूनबाईंनीं आणलेल्या वेळापत्रकावरून शिबिराचा क्रम येथें देतों. शुक्रवारीं सायंकाळीं जमावयाचें. फोन एका पेटींत ठेवून द्यावयाचे. ओळख करून देतांना आपलें नांव तेवढें सांगावयाचें, कोणाची कोण हें नाहीं. रात्रीपासून दुसऱ्या दिवशींच्या जेवणापर्यंत मौन. पहांटे उठून पंचवीस मिनिटें बसणें, दहा मिनिटें चालणें, पंधरा मिनिटें लिहिणें, पुन्हा तेंच. लिहावयास दिलेले विषय अगदीं लहान: आईचे हात, माहेरचें अंगण, मी न बोललेली एक गोष्ट. दुपारीं चार-पांच जणींनीं वर्तुळांत बसून, ज्यांची इच्छा असेल त्यांनींच, आपलें लिखाण वाचावयाचें. ऐकणारींनीं स्तुति करावयाची नाहीं, उपदेश करावयाचा नाहीं. मनांत राहिलेला एखादा शब्द वा ओळ तेवढी सांगावयाची. वाचलेलें सर्व कल्पित आहे असें समजावयाचें आणि तें खोलीबाहेर न्यावयाचें नाहीं. ह्यांतील कल्पित समजण्याचा व मनांत राहिलेलें तेवढें सांगण्याचा नियम अमेरिकेंत ॲमहर्स्ट येथें १९८१ सालीं पॅट श्नायडर ह्या बाईंनीं सुरू केलेल्या लेखनवर्गांत चालत आलेला आहे. गरीब वस्तींतील स्त्रियांबरोबरही त्यांनीं ह्याच पद्धतीनें काम केलें. रविवारीं सकाळीं प्रत्येकीनें लिहिलेल्यांपैकीं एकच पान निवडून तें सुधारावयाचें, आणि दुपारीं जेवून घरीं परतावयाचें.

शुद्धलेखनाची चिंता नको, ह्या नियमावर आमच्यासारख्या मास्तराचें काय म्हणणें आहे, असें कोणी विचारील. ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यास रविवारची सकाळ आहे. पहिल्या पंधरा मिनिटांस त्याची घाई नाहीं. शाळेंत मुलींनीं निबंधाचें जें वळण गिरविलेलें असतें, तें चाळिसाव्या वर्षींही त्यांचा हात धरून ठेवतें. ‘प्रस्तावना’ आणि ‘उपसंहार’ ह्यांच्यामध्यें जगणें कोठें तरी हरवतें. लक्ष्मीबाई टिळकांस शाळेचें शिक्षण मिळालें नव्हतें. लिहावयास-वाचावयास त्या लग्नानंतर पतीकडून शिकल्या. त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग, योगायोगानें, त्याच १९३४ सालीं प्रसिद्ध झाला, आणि आजही त्या गद्याच्या सरळपणास तोड नाहीं. समर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा आरंभच लेखनक्रियेच्या निरूपणानें केला. अक्षर कसें असावें हें तेथें बारकाईनें सांगितलें आहे. अक्षराची शिस्त हवीच. पण बी रुजण्यापूर्वीं अंगणाची आंखणी करूं नये.

आतां सावधगिरीचे दोन शब्द. मौनांत दबलेल्या गोष्टी वर येतात, आणि त्या सर्वच सुखद नसतात. अमेरिकेंत १९८६ सालीं जेम्स पेनीबेकर आणि सँड्रा बील ह्यांनीं ४६ विद्यार्थ्यांस चार दिवस, रोज पंधरा मिनिटें लिहावयास लाविलें. ज्यांनीं आपल्या दुःखद अनुभवाविषयीं, घडलेलें आणि त्या वेळीं वाटलेलें, दोन्ही लिहिलें, त्यांस लिहून उठतांना अधिक खिन्न वाटलें. परंतु पुढील सहा महिन्यांत त्यांचें दवाखान्यांत जाणें कमी झालें. २००६ सालीं अशा १४६ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. लाभ होतो, पण तो लहान असतो, असें त्यांतून दिसलें. म्हणून शिबिर म्हणजे औषध, असें कोणी म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवूं नये. ताजा शोक, जुनी मानसिक व्याधि किंवा निद्रानाश असेल तर आधीं वैद्याचा सल्ला घ्यावा. चालविणारी बाई ध्यानाची व लेखनाची स्वतः अभ्यासी आहे कीं नाहीं, रडूं आल्यास उठून जाण्याची मोकळीक आहे कीं नाहीं, आणि वाचून दाखविण्याची सक्ति तर नाहीं ना, हें आधींच विचारून घ्यावें. ज्या शिबिरांत दोन दिवसांत आयुष्य पालटण्याचें वचन मिळतें, तेथें न गेलेलें बरें.

मग हातीं काय लागतें? आमच्या सूनबाईंनीं परत आल्यावर आपल्या सासूबाईंस एक पान वाचून दाखविलें, बाकीचीं नाहीं. त्यांच्या आई रोजचा हिशेब एका वहींत लिहीत. दूध, किराणा, मुलांची फी, असा सारा जमाखर्च. ध्यानास बसल्या असतां सूनबाईंस आठवलें कीं, त्या आंकड्यांच्या मध्येंच कधीं कधीं दोन शब्द असत: ‘आज पाऊस’, ‘मोगरा फुलला’, एकदां नुसतें ‘कंटाळा’. आईस लिहावयाचें होतें आणि तिला जागा मिळाली ती हिशेबाच्या वहींत, हें त्यांच्या त्या पानाचें सार होतें. आमचें कुटुंब बराच वेळ कांहीं बोललें नाहीं. पुढें एके दिवशीं नातवानें ती शिबिराची वही सहज उचलली, तेव्हां तिनें ती त्याच्या हातांतून काढून जागेवर ठेविली आणि म्हणाली, ‘ही आईची आहे. तिनें दिली तरच वाचावयाची.’

एकत्र कुटुंबांत कपाटें सामाईक, पैसा सामाईक, सुखदुःखें सामाईक; त्यांत हें आपल्या पद्धतीचें बळही आहे. पण वही सामाईक असूं नये. आपलें लिखाण कोणी तरी वाचणार, ह्या भयानें लिहिणारी स्त्री प्रत्येक ओळ घरास शोभेशी करून लिहिते, आणि असें लिहिलेलें घरासही उपयोगी पडत नाहीं. तिनें स्वतःविषयीं खरें लिहिलें तर घराविषयीं कांहीं कडू निघेल, ही भीति वडिलधाऱ्यांस वाटते. निघेलही. परंतु न लिहिल्यानें तें गोड होत नाहीं.

तेव्हां घरानें चार गोष्टी कराव्यात. पहिली, वर्षांतून दोन दिवस तिला मोकळीक द्यावी, आणि ती उपकार म्हणून नव्हे. दुसरी, त्या दोन दिवसांचें काम आधीं तिच्याकडूनच करून घेऊं नये. चार दिवसांचा चिवडा-लाडू करून मग ध्यानास बसणें हें ध्यान नव्हे. तिसरी, परत आल्यावर ‘काय लिहिलेंस, दाखव’ असें कोणी म्हणूं नये. चौथी, शिबिरास जाणें ज्यांस परवडत नाहीं किंवा प्रकृतीमुळें जमत नाहीं, त्यांच्यासाठीं घरांतच आठवड्यांतून एक पहांट राखून ठेवावी. पांच ते सहा, एक खोली, दार लोटलेलें, आणि चहा त्या दिवशीं दुसऱ्या कोणी करावा. घरांत दोघी-तिघी असतील तर त्यांनीं एकत्र बसावें. सासू-सुनेनें शेजारी शेजारी गप्प बसून आपापल्या वहींत लिहिलेलें आम्हीं पाहिलें आहे. घरांत त्या दिवशीं भांडण कमी होतें, एवढें आम्ही खात्रीनें सांगूं शकतों.

प्रतिभा कोणी कोणास देऊं शकत नाहीं. ती ज्याची त्यास मिळालेली असते. परंतु वामनानें अवधानास ज्या दोन गोष्टी लागतात म्हणून सांगितल्या, त्या देश आणि काल, म्हणजे एक निवांत जागा आणि एक अखंड प्रहर, ह्या दोन्ही घराच्या हातांत आहेत.